गोविंदभोगचा भात कधी सुरेख, कधी गिच्च गोळा: चूक कुठे होते आणि ती कशी सुधारायची

प्रमाण तेच, पातेलं तेच, तांदूळही एकाच पिशवीतला. तरी सोमवारी भात सुरेख झाला आणि गुरुवारी त्याचा लगदा झाला. गोविंदभोग घरी शिजवणाऱ्या कितीतरी जणींकडून मी ही तक्रार ऐकली आहे, आणि कोलकात्यात आल्यावर पहिली दोन वर्षं ती माझीही होती. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही इथे आलो. पहिल्याच आठवड्यात मी गडियाहाटच्या बाजारातून अर्धा किलो गोविंदभोग आणला आणि घरच्या आंबेमोहोराच्या सवयीने एकास अडीच पाणी घालून कुकरच्या तीन शिट्ट्या केल्या. झाकण उघडलं तेव्हा असा घमघमाट सुटला की मुलं आतल्या खोलीतून धावत आली. पण डाव घातला, तर डावाबरोबर आख्खा गोळाच वर आला. वास देवघरातला आणि रूप खळीचं!

तेव्हापासून खूप तांदूळ वाया घालवून, शेजारच्या मासीमांच्या ओट्यापाशी उभी राहून जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते. तांदूळ महाग आहे आणि फार गुणाचा आहे. तो बिघडला की जिवाला लागतं.

आधी हा तांदूळ कसा आहे ते बघा

बंगालीत याला गोबिंदोभोग म्हणतात. गोविंदाच्या भोगाचा, म्हणजे नैवेद्याचा तांदूळ. दाणा आखूड, गुबगुबीत, पांढरा. पूर्व बर्धमान, हुगळी, नदिया, बांकुडा, बीरभूम या जिल्ह्यांत तो होतो. बर्धमानच्या गोविंदभोगला २०१७ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पीक खरिपाचं, कापणी थंडी सुरू होताना; त्यामुळे नवा तांदूळ बाजारात येतो तो हिवाळ्यात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पाण्याच्या हिशेबात ती पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बंगालात तांदळाचे दोन मोठे प्रकार मानतात, सेद्ध आणि आतप. सेद्ध म्हणजे आपला कोकणातला उकडा, आतप म्हणजे सुरय. बंगाली घरांत रोजचा मासे-भात बहुधा सेद्ध तांदळाचा असतो. साळ टरफलासकट उकडताना त्यातला स्टार्च एकदा शिजून घट्ट झालेला असतो, म्हणून तो तांदूळ थोडं जास्त पाणी, थोडी जास्त आच सहन करतो. गोविंदभोग असतो आतप. त्याला हे संरक्षण नाही. त्यात चिकटपणा आणणारा अमायलोपेक्टिन हा घटक भरपूर आहे, आणि सुटं ठेवणारा अमायलोज बासमतीच्या मानाने कमी. त्यामुळे बासमतीसारखा फडफडीत भात यातून काढायला जाल तर निराशाच होईल. चांगल्या शिजलेल्या गोविंदभोगची खूण अशी: ताटात शीत न् शीत वेगळं दिसतं, पण बोटांनी घास केला की तो एकत्र येतो. आपल्याला एवढंच साधायचं आहे.

आंबेमोहोर किंवा आजऱ्याचा घनसाळ शिजवणाऱ्यांना हा तांदूळ ओळखीचा वाटेल. तोच आखूड दाणा, तोच सुगंध. माझी फसगत तिथेच झाली. वरण-भातासाठी आंबेमोहोर थोडा आसट झाला तरी आपल्याला चालतो, किंबहुना तसाच हवा असतो. त्यामुळे आपल्या हाताला पाणी सढळ घालायची सवय असते.

मुख्य दोष: ओल्या तांदळातलं पाणी कोणी मोजतच नाही

एके दिवशी मी तांदूळ भिजवून चाळणीत ओतले होते आणि मासीमा काही मागायला आल्या. त्यांनी मूठभर तांदूळ उचलून दाबले. बोटांच्या फटींतून पाणी ओघळलं. मग तळहात उघडून त्यातला एक दाणा माझ्यापुढे धरला आणि नखाने दाबला. तो खडूसारखा तुटला. डब्यातला कोरडा दाणा आणून शेजारी ठेवला; तो काचेसारखा किंचित पारदर्शक होता, आणि नखाला दाद देईना. "हा पाणी पिऊन बसलाय," त्या म्हणाल्या, "आणि तू त्याला परत पोटभर पाणी पाजणार?"

त्या संध्याकाळी मी वजनकाटा काढला. कोरडे तांदूळ २०० ग्रॅम. धुऊन, अर्धा तास भिजवून, पाच मिनिटं निथळले तर भरले २६५ ग्रॅम. म्हणजे ६५ ग्रॅम पाणी पातेल्यात पडण्याआधीच तांदळात होतं. साधारण पाव वाटी. चाळणीत ओतल्याबरोबर लगेच पातेल्यात घातले असते तर त्याहून जास्त. सोमवारी मी घाईत होते, तांदूळ नुसते धुऊन टाकले होते. गुरुवारी भिजवून फोनवर बोलत बसले आणि न निथळता ओतले. दोन्ही दिवशी वरून घातलेलं पाणी दोन वाट्या. माझ्या लेखी प्रमाण एकच होतं, तांदळाच्या लेखी नव्हतं.

कोणताही पांढरा तांदूळ अर्ध्या तासात आपल्या वजनाच्या पाव ते तीस टक्के पाणी शोषतो; त्यानंतर फारसं नाही. जाड किंवा लांब तांदळात या फरकाने एवढं बिघडत नाही. गोविंदभोग मात्र पाव वाटीवरून बिघडतो. म्हणून एकच सवय धरा: एक तर नेहमी भिजवा, नाहीतर कधीच भिजवू नका. आणि दोन्ही वेळा चाळणीत किंवा रोवळीत दहा मिनिटं घड्याळ लावून निथळा.

दुसरी चूक पाणी दुप्पट-चौपट करण्याची. पातेल्यात घातलेल्या पाण्याचे दोन वाटेकरी असतात. एक वाटा तांदूळ पितो, दुसरा वाफ होऊन जातो. तांदळाचा वाटा तांदळाबरोबर वाढतो; वाफेचा वाटा मात्र पातेल्याचं तोंड, झाकण आणि शिजायला लागणारा वेळ यांवर ठरतो, तो तांदळाबरोबर वाढत नाही. माझी वाटी २०० ग्रॅम तांदूळ मावणारी आहे. न भिजवलेला, धुऊन निथळलेला एक वाटी गोविंदभोग माझ्या पातेल्यात पावणेदोन वाट्या पाणी घेतो: सव्वा वाटी तांदूळ पितो, अर्धी वाटी वाफेवर जाते. पाहुणे आले म्हणून चार वाट्या तांदूळ घेतले, तर हिशेबाने सात वाट्या पाणी येतं. प्रत्यक्षात लागतं साडेपाच: तांदळाच्या पाच, वाफेची अर्धी. दीड वाटी जास्त झालेलं पाणी कुठे जाणार? पाहुण्यांच्या दिवशीच भात का बिघडतो, याचं उत्तर हे आहे. मी त्यासाठी उगाच माझ्या घाबरण्याला दोष देत होते.

भिजवलेला तांदूळ असेल तर दर वाटीमागे पाव वाटी पाणी कमी करा. एक वाटीला दीड वाटी.

तिसरी गोष्ट तांदळाचं वय. हिवाळ्यात आलेला नवा तांदूळ जास्त मऊ आणि चिकट शिजतो. त्याला आणखी दोन-तीन चमचे पाणी कमी लागतं. तोच तांदूळ पावसाळ्यापर्यंत घरात राहिला तर पूर्ण माप लागेल. नवी पिशवी उघडली की पहिल्यांदा अर्धी वाटीच शिजवून बघा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती इथे शब्दशः करायची.

मी आता कसा करते

तांदूळ निवडून गार पाण्यात तीन वेळा धुते. धुताना तळव्यांत चोळायचे नाहीत. हा दाणा नाजूक आहे, चोळला की तुटतो, आणि तुटलेल्या कण्यांमधून सुटलेली पिठी बाकीच्या भाताला चिकटवते. पाण्यात बोटं फिरवायची, पाणी ओतायचं. चौथं पाणी काचेसारखं स्वच्छ येण्याची वाट बघायची नाही. मग दहा मिनिटं निथळत ठेवते.

जाड बुडाच्या पातेल्यात मोजलेल्या पाण्याचं आधण ठेवते. त्यात मीठ आणि अर्धा चमचा तूप. आधण खळखळून उकळलं की तांदूळ वैरते आणि एकदाच, तळापासून, हलक्या हाताने ढवळते. पुन्हा उकळी आली की घट्ट झाकण, गॅस अगदी बारीक, नऊ ते दहा मिनिटं. गॅस बंद. त्यानंतर दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. शेवटी उलथन्याच्या कडेने, बाजूने आत असा भात मोकळा करायचा. डावाने मधून ढवळला तर आतापर्यंतची सगळी मेहनत गेली.

मधे उघडून ढवळण्याचा मोह फार होतो. ढवळलं की दाण्यांची सालपटं निघतात आणि खळ तयार होते. ज्यांना अजिबात धीर धरवत नाही त्यांनी सरळ भात वेळून काढावा. बंगालीत त्याला फ्यान गाळणं म्हणतात: भरपूर पाण्यात तांदूळ सात-आठ मिनिटं शिजवायचे, दाणा मऊ झाला पण अजून अंग धरून आहे अशा वेळी पेज ओतून टाकायची आणि झाकून मुरवायचा. यात चुकायला वाव कमी. पण सुगंधाचा मोठा वाटा पेजेबरोबर जातो, म्हणून मला ही पद्धत या तांदळासाठी जिवावर येते. केलीच तर ती पेज फेकू नका, मीठ आणि तूप घालून प्या.

कुकरबद्दल विचारतात. शिट्टीच्या दाबाला आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, आणि इतक्या लहान, मऊ दाण्याला ते झेपत नाही, तो फुटतो. कुकरशिवाय इलाजच नसेल तर तांदूळ थेट कुकरात न घालता कुकरच्या भांड्यात घाला, भांड्यावर झाकणी ठेवा, पाणी एक वाटीला फक्त सव्वा वाटी, एक शिट्टी, आणि लगेच बंद. भांड्यातून वाफ फारशी उडत नाही, म्हणून पाणी इतकं कमी.

बाहेरून लगदा, आत कणी

हे पाण्याचं नाही, आचेचं दुखणं आहे. मोठ्या आचेवर बाहेरचा थर झटपट फुगून फुटतो आणि उष्णता आत पोचायच्या आत पाणी संपतं. घाबरून आपण आणखी गार पाणी शिंपडतो, ते बाहेरचा थरच पितो. असं झालं तर गार पाणी घालू नका. दोन चमचे उकळतं पाणी कडेने सोडा, झाकण घट्ट लावा, पातेल्याखाली तवा ठेवून पाच मिनिटं अगदी मंद वाफ द्या आणि बंद करून दहा मिनिटं विसरा. बहुतेक वेळा कणी जाते.

शीत बघायचं कसं, तेही मासीमांकडून शिकले. एक दाणा चिमटीत दाबून पसरवायचा. मधे पांढरा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. ठिपका जेमतेम जाणवतो आहे तेव्हा गॅस बंद. उरलेलं काम मुरण्यात होतं.

वासच येत नाही

गोविंदभोगच्या सुगंधाचं मुख्य कारण २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन नावाचा घटक आहे. बासमतीत, आंबेमोहोरात, आणि कोकणात अंगणात लावतात त्या अन्नपूर्णेच्या पानातही तोच असतो. तो उडून जाणारा आहे. तांदूळ साठवणीत जसा जुना होतो तसा वास ओसरतो. उघड्या पातेल्यात बराच वेळ खदखदला तर वास स्वयंपाकघरात राहतो, भातात नाही. म्हणून एका वेळी एक-दोन किलोच आणा, आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा.

आपल्याकडे साठवणीच्या धान्याला एरंडेल चोळतात किंवा तांदळाला बोरिक पावडर लावतात. या तांदळाला दोन्ही नको. तो कुठलाही वास पटकन धरतो. माझ्या एका मैत्रिणीने डब्यात कापूर ठेवला होता आणि महिनाभर तिच्या पुलावाला देवळाचा वास येत होता. पोरकिड्यांची भीती असेल तर वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा किंवा थोडा तांदूळ सरळ फ्रिजमध्ये ठेवा.

एक खूण अनुभवाने सांगते. खऱ्या गोविंदभोगचा कच्चा वास मंद असतो, आणि तो आधणात पडल्यावर फुलतो. पिशवी उघडताच डोक्यात जाणारा वास आला आणि धुतल्यावर तो नाहीसा झाला, तर तो तांदूळ मी पुन्हा त्या दुकानातून घेत नाही.

आणि लवंग-दालचिनीचा हात आवरा. या तांदळाला एक तेजपत्ता आणि दोन वेलदोडे पुरेत.

बासंती पुलाव चिकटतो

पिवळा, किंचित गोड, काजू-बेदाण्यांचा हा पुलाव बंगालात फार लाडका आहे, आणि तो गोविंदभोगचाच लागतो. मोठ्या दाण्याचा केला तर तो वेगळाच पदार्थ होतो. इथे मोकळेपणा जास्त हवा असतो, आणि तो येतो पाणी पडायच्या आधीच्या तासाभरातून. तांदूळ धुऊन निथळून पंचावर पातळ पसरायचे, पंख्याखाली पाऊण तास. हाताला ओल लागता कामा नये. मग परातीत घेऊन तूप, हळद, किसलेलं आलं आणि गरम मसाल्याची चिमूट लावून हलक्या हाताने माखायचे आणि आणखी अर्धा तास ठेवायचे. प्रत्येक दाण्यावर तुपाचा हात फिरला की दाणे एकमेकांना धरत नाहीत.

तुपात काजू-बेदाणे परतून काढा, त्याच तुपात तेजपत्ता, वेलदोडा, मग तांदूळ. मंद आचेवर तीन-चार मिनिटं, दाणे सुटे आणि जड न वाटता खुळखुळेपर्यंत परता. त्यावर उकळतं पाणी, एक वाटीला दीड वाटी. गार पाणी घातलं तर परतल्याचा उपयोग निम्मा होतो.

आता साखर. बऱ्याच जणी पाण्याबरोबरच साखर घालतात आणि मग दाणा टणक का राहिला म्हणून विचारतात. साखर पाणी धरून ठेवते, तांदळाला ते मोकळेपणाने पिऊ देत नाही. म्हणून तांदूळ जवळजवळ शिजला, पाणी आटत आलं, की साखर वरून पसरायची, काजू-बेदाणे घालायचे, झाकण लावून मुरवायचं. साखर विरघळून थोडं पाणी सुटतं, त्याचाही हिशेब म्हणून आधीचं पाणी दीडच ठेवलंय.

आखूड दाण्याचा मोकळा भात होतच नाही असं कोणी म्हणालं तर त्यांना मलबारच्या बिर्याणीची आठवण करून द्या. तीही कैमा या आखूड, सुगंधी तांदळाचीच असते, आणि तिथेही तांदूळ तुपात परतून मोजकं उकळतं पाणी घालतात.

पायेश: इथे तीन ठिकाणी घात होतो

बंगाली घरात वाढदिवसाला केक असो नसो, पायेश असते. बाळाच्या अन्नप्राशनाला पहिला घास पायेशचा भरवतात. आपल्या खिरीचीच बहीण, पण तांदूळ भिजवून वाटायचा नाही; दाणा आख्खा राहतो आणि दुधात विरघळायच्या बेतात असतो. माझी पहिली पायेश फुटली, दुसरीत तांदूळ कडक राहिला, तिसरी दुसऱ्या दिवशी चाकूने कापता आली असती. तिन्ही चुका वेगळ्या आहेत म्हणून वेगळ्या सांगते.

तांदूळ कडक राहतो तो साखरेमुळे. पुलावातलाच नियम इथे दुपटीने लागू होतो, कारण दुधात तांदूळ पाण्यापेक्षा सावकाश शिजतो. शीत चिमटीत पूर्ण विरघळेपर्यंत साखर किंवा गूळ डब्यातच राहू द्या. एकदा गोडी पडली की पुढे अर्धा तास उकळलं तरी दाणा फारसा मऊ होत नाही.

दूध फुटतं ते बहुधा नोलेन गुडामुळे. हिवाळ्यात खजुराच्या झाडाच्या रसाचा हा नवा गूळ येतो, पातळ झोला किंवा ढेपेचा पाटाली. नवा गोविंदभोग आणि नवा गूळ एकाच मोसमात बाजारात येतात, म्हणून थंडीतल्या पायेशला तोड नाही. पण गुळात किंचित आंबटपणा असतो, जुन्या पाटालीत जास्तच, आणि उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटतं. गॅस बंद करा. पातेलं दहा-पंधरा मिनिटं निवू द्या, साय धरायला लागेल. पाटाली असेल तर दोन चमचे पाण्यात वेगळी विरघळवून, गाळून, कोमट करा. मग थोडा थोडा घालत ढवळा. त्यानंतर पातेलं पुन्हा गॅसवर चढवायचं नाही, कितीही मोह झाला तरी. गोडी कमी वाटत असेल तर आणखी गूळ कोमटच घाला.

घट्ट गोळा होते ती तांदळाच्या मापामुळे. एक लिटर दुधाला ६० ग्रॅम गोविंदभोग पुष्कळ झाला. माझ्या वाटीने पाव वाटी आणि वर एक चमचा. पातेल्यात ते इतके थोडे दिसतात की हात पुन्हा डब्याकडे जातोच. जाऊ देऊ नका. तांदूळ धुऊन, वाळवून, चमचाभर तूप चोळून घ्या म्हणजे दुधात पडल्यावर गुठळी होत नाही. दूध आधी तेजपत्ता घालून पाऊणपट उरेपर्यंत आटवा, मग तांदूळ वैरा, मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. इथे मात्र ढवळत राहायचं, आणि तळ खरवडत राहायचं, कारण सुटलेली पिठी खाली बसून करपते. गॅस बंद करताना पायेश तुम्हाला हवी त्यापेक्षा नक्की पातळ दिसली पाहिजे. निवल्यावर दाणे दूध पीत राहतात.

खाली लागलीच, तर ढवळू नका, खरवडू नका. वरची पायेश अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता. करपलेला तळ हलला की सगळ्या दुधाला तो वास लागतो आणि मग वेलदोडा घालूनही जात नाही.

भोगाची खिचुडी

दुर्गापूजेच्या अष्टमीला भोगात मिळते ती, भाजलेली सोनामूग डाळ आणि गोविंदभोग समसमान घालून केलेली. तक्रार एकच असते: तांदूळ विरघळून गेला तरी डाळीचे दाणे दाताखाली येतात. डाळ आणि तांदूळ एकदम टाकू नका. डाळ कोरडीच, खमंग वास येईपर्यंत, बदामी भाजा, धुऊन आधी निम्मी शिजवा, मग तांदूळ घाला. पाणी उकळतंच घालत जा. ही खिचुडी सैलच असावी, म्हणून इथे पाण्याची चिंता नको.

गोळा झालाच, तर

अजून वाफ आहे तोवर भात लगेच परातीत पसरा, चमचाभर तूप सोडा, पंख्याखाली पाच मिनिटं राहू द्या. थोडा आसट झाला असेल तर एवढ्यावर सावरतो. पार लगदा असेल तर मोकळा करायच्या मागे लागू नका. त्याचा फेनाभात करा. हा आपला गुरगुट्या भातच: भात पेजेसकट मऊ, ओलसर, बंगाली घरांत सकाळी किंवा पावसाच्या दिवशी आवडीने खाल्ला जाणारा. लगद्यात वाटीभर उकळतं पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर घोटून सैल करा. उकडलेला बटाटा मीठ, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि कच्चं मोहरीचं तेल घालून कुस्करा, एखादं उकडलेलं अंडं ठेवा. तूप पातेल्यात घालू नका. ताटात वाढल्यावर, वाफाळत्या भातात खळगा करून त्यात सोडा.